निकेल, तांबं आणि नागपूरचा उन्हाळा: प्रकल्पाच्या नोंदी

२२ एप्रिल

ही वही वेगळी. रीडिंगची वही चालूच राहील, ती सरांच्या सहीची. मागच्या वर्षी असं झालं की आकडे सगळे सापडले, पण ते कोणत्या परिस्थितीत घेतले ते कुणालाच आठवेना. म्हणून इथे आकड्यांच्या आजूबाजूचं लिहायचं.

काम असं: बेंझिनच्या कड्याला लटकलेल्या नायट्रो गटाचं (एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन) हायड्रोजन वापरून अमाइन (एक नायट्रोजन, दोन हायड्रोजन) करायचं, तेही प्लॅटिनम-पॅलेडियमला हात न लावता, उत्प्रेरक म्हणून निकेल वापरून. सगळ्यात जुनं उदाहरण नायट्रोबेंझिनपासून ॲनिलिनचं. एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात, बदल्यात एक ॲनिलिन आणि दोन पाणी. फ्रेंच रसायनतज्ज्ञ बेशाँने १८५४ मध्ये हे लोखंडाचा कीस आणि ॲसेटिक आम्ल वापरून केलं, आणि दोनच वर्षांनी पर्किनला ॲनिलिनपासून जांभळा रंग सापडला. मग सगळ्यांनाच ॲनिलिन हवं झालं. बेशाँच्या पद्धतीची गोम अशी की लोखंड गंजून काळा गाळ होतो. समीकरण मांडून पाहिलं: एक किलो ॲनिलिनमागे पावणेदोन किलोच्या वर आयर्न ऑक्साइड. म्हणजे कारखाना गाळाचाच, ॲनिलिन वरकड.

निकेलच्या मदतीने रेणूंवर हायड्रोजन चढवता येतो हे साबात्येने दाखवलं, १९१२ च्या रसायनाच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याचा. प्रश्न निकेल चालतं का हा नाहीच. ते भलतंच चालतं. कड्यावर क्लोरीन असेल तर नायट्रोबरोबर त्यालाही तोडतं. सर म्हणाले, "अमाइन कोणीही करेल. क्लोरीन शाबूत ठेवून करा, मग बोलू."

म्हणून निकेलला जोडीदार: एकात तांबं, एकात लोह. दोन्हींत निकेलचे तीन अणू, जोडीदाराचा एक.

२५ एप्रिल

वजनं. ॲल्युमिना (धातू जिच्या छिद्रांत बसवायचा ती पावडर) ४.५ ग्रॅम, धातू एकूण ०.५ ग्रॅम. निकेल-तांब्यासाठी निकेल नायट्रेट १.८२, कॉपर नायट्रेट ०.५० ग्रॅम. निकेल-लोहासाठी १.८८ आणि फेरिक नायट्रेट ०.८७. नुसत्या निकेलसाठी २.४८. स्फटिकांतलं पाणी हिशेबात धरलंय, कारण पहिल्यांदा ज्युनिअरने ते सोडून वजन काढलं होतं आणि माझ्याही लक्षात उशिरा आलं.

आमची ॲल्युमिना ग्रॅममागे ०.६ मिली पाणी पिते. तेवढ्याच पाण्यात नायट्रेटचं मीठ विरघळवायचं आणि थेंब थेंब सोडत कांडीने ढवळायचं. पावडर शेवटपर्यंत वाळूसारखी सुटी राहिली पाहिजे. चिखल झाला की समजायचं, छिद्रांबाहेर पाणी आलं.

इथवर ठीक. घोळ वाळवताना झाला. बाहेर ४३. खिडकीजवळ पसरून ठेवली तर दोन तासांत वरचा पापुद्रा गडद हिरवा आणि आतला भाग फिका. पाणी भराभर उडतं तेव्हा ते आतून पृष्ठभागाकडे धावतं आणि मिठाला सोबत ओढतं. धातू सगळा सालीवर, गर मोकळा. तिन्ही घाणे फेकले. पुन्हा केले, फॉइलने झाकून, सुईने चार भोकं पाडून, रात्रभर सावलीत. आता रंग सारखा आहे.

पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला वाळवा' असं लिहिलेलं असतं. कोणाच्या खोलीच्या?

२९ एप्रिल

मफल फर्नेस (बंद विजेची भट्टी) ४५० ला, चार तास. नायट्रेट फुटताना तपकिरी धूर येतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्यामुळे फर्नेस हूडखाली. रात्री पावणेदहाला लाईट गेली, तेव्हा काटा ३१० वर होता. सकाळी पुन्हा पहिल्यापासून. हे लिहून ठेवतेय, कारण तिन्ही नमुने त्या रात्री एकत्रच होते, म्हणजे निदान तिघांवर अन्याय सारखाच झाला.

८ मे

हायड्रोजनच्या प्रवाहात ४५० ला तीन तास. काळी पावडर तयार. थंड झाल्यावर लगेच बाहेर काढायची नसते, आधी नायट्रोजनमध्ये एक टक्का ऑक्सिजन मिसळून तासभर सोडायचा. कणांवर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि मग ते हवेत टिकतात. मला घाई होती. पंधरा मिनिटांत नळी उघडली आणि फिल्टर पेपरवर ओतली. आधी काही नाही, मग मधोमध लाल ठिपका, मग पेपर कडेकडेने जळत गेला. कणीभर निकेल. रॅने निकेल पाण्याखाली का विकतात ते डोळ्यांनी पाहिलं.

अटेंडंट काका वाळूची बादली घेऊन आले आणि वाळू टाकून झाल्यावर म्हणाले, "जेवण झालं नव्हतं का मॅडम, इतकी घाई काऊन करता?"

१४ मे

पहिली चाचणी सोपी घेतली: पॅरा-नायट्रोफिनॉल आणि सोडियम बोरोहायड्राइड. दाबाचं भांडं लागत नाही, क्युव्हेट (प्रकाश मोजायच्या यंत्रात ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) पुरते. फिकट पिवळ्या द्रावणात बोरोहायड्राइड पडलं की ते एकदम गर्द पिवळं होतं, कारण फिनॉलचा प्रोटॉन सुटतो आणि प्रकाश शोषणाचा डोंगर ४०० नॅनोमीटरवर सरकतो. नुसतं ठेवलं तर तसंच राहतं. कणभर उत्प्रेरक टाकला की ४०० चा डोंगर बसत जातो आणि ३०० वर अमिनोफिनॉलचा उठतो. बोरोहायड्राइड शंभरपट जास्त असल्याने त्या ४०० च्या डोंगराच्या उंचीच्या लघुगणकाचा आलेख सरळ रेषेत उतरतो, त्याचा उतार म्हणजे वेग.

जे बनतं त्या पॅरा-अमिनोफिनॉलला ॲसेटिक ॲनहायड्राइड लावलं की पॅरासिटामॉल. हे सांगितल्यापासून ज्युनिअर क्युव्हेटकडे जरा आदराने बघतोय.

आजचे आकडे, मिनिटाला: निकेल ०.११, निकेल-तांबं ०.३४. तिप्पट! ज्युनिअरने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. सर दारातून वाचून गेले, बोलले काही नाहीत.

२१ मे

तिप्पट नाही.

झालं असं की टपरीवर तर्री पोहे खाऊन आलो तर लॅब भट्टीसारखी. काकांना म्हटलं, कूलर बंद का? म्हणाले, "सकाळी टाकी भरतो ना मी. बारा-एकपर्यंत पाणी खतम होते. मग नुसता पंखाच फिरून राह्यला." मी पोह्यांचा घास घशात अडकल्यासारखी थांबले. निकेलचं रीडिंग सकाळी साडेआठचं. तांब्याचं दुपारी तीनचं. आमच्या यूव्ही यंत्रात (प्रकाश शोषण मोजणाऱ्या) क्युव्हेटला तापमान धरून ठेवायची सोय नाही.

थर्मामीटर लावून दोन दिवस पाहिलं: सकाळी २९, दुपारी ४१. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा (ती जितकी जास्त तितका वेग तापमानाने जास्त बदलतो) आमच्याच मोजणीत मोलमागे ४० किलोज्यूलच्या आसपास येते. ती धरली तर नुसत्या बारा अंशांनी वेग १.८ पट होतो. म्हणजे आमच्या तिपटीतला मोठा वाटा तांब्याचा नसून कूलरच्या टाकीचा.

आता क्युव्हेट ३० अंशांच्या पाण्यात धरून, दर मिनिटाला पुसून यंत्रात. कटकटीचं आहे, पण आकडे प्रामाणिक: निकेल ०.१२, निकेल-तांबं ०.२०. फळा मीच पुसला.

२ जून

हायड्रोजनचा सिलिंडर नाही. पुरवठादार 'उद्या' म्हणतो, आज सहावा उद्या. नवतपा संपत आला तरी रात्री लॅबचा ओटा हाताला कोमट लागतो. यूव्ही सकाळी सातलाच सुरू करतो.

११ जून

सिलिंडर नसला तरी शेजारच्या विभागातून टीपीआर आला. नमुना हायड्रोजनमध्ये हळूहळू तापवत नेतात आणि कोणत्या तापमानाला तो किती हायड्रोजन खातो ते पाहतात. नुसत्या निकेलचा मोठा भाग ५०० च्या पुढे खातोय, कारण ॲल्युमिनात तो घट्ट रुतून बसलाय. तांबं असलेल्या नमुन्यात आधी २२० च्या सुमाराला तांबं मोकळं होतं, आणि मग त्याच्यावर फुटलेला हायड्रोजन शेजारच्या निकेल ऑक्साइडवर ओघळतो. निकेल मग ३५० च्या आतच उरकतं.

म्हणजे दुसरी पाचर. मी सगळ्यांना ४५० लाच कमी केलं होतं (म्हणजे हायड्रोजनने ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू केलं होतं), 'सारखी परिस्थिती' म्हणून. पण ४५० ला नुसतं निकेल अर्धवट ऑक्साइडच राहिलं होतं, आणि तांब्यासोबतचं पूर्ण धातू झालं होतं. तापमान सारखं, परिस्थिती नाही. मग ०.१२ विरुद्ध ०.२० ही तुलना कशाची? तांब्याने निकेलचा स्वभाव बदलला त्याची, की नुसतं जास्त निकेल जागं केलं त्याची?

२० जून

सिलिंडर आला. नुसतं निकेल ५५० ला कमी केलं. वेग ०.१७. मग निकेल-ॲल्युमिना आणि तांबं-ॲल्युमिना वेगवेगळे बनवून तीनास एक मिसळले: ०.१०. शेजारी नुसतं बसवून तांब्याचा उपयोग नाही, आणि निकेलला नीट जागं केलं तर तांब्याची आघाडी १.२ पटीवर येते. ५५० ला निकेलचे कण थोडे गोळा होऊन पृष्ठभाग कमी झाला असणार, म्हणजे खरी आघाडी त्याहूनही कमी.

सरांना दाखवलं. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "बरं झालं, पोस्टर छापलं नाही." आणि मग, "नायट्रोफिनॉल ही परीक्षा नाहीच. त्यावर गंजलेला खिळाही थोडंफार करून दाखवेल. ऑटोक्लेव्ह कधी लावताय?" म्हणजे ते दाबाचं भांडं.

(गंजलेला खिळा खरंच टाकून पाहिला. काही केलं नाही.)

२ जुलै

पॅरा-क्लोरोनायट्रोबेंझिन १.५८ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल. इथेनॉल ५० मिली, उत्प्रेरक ०.१ ग्रॅम, भांडं १०० मिलीचं. नायट्रोजनने तीनदा धुतलं, हायड्रोजनने तीनदा, मग २० बार भरून १०० अंशांना.

दाबाचा हिशेब आधी कागदावर केला. वरच्या ५० मिलीत २० बार म्हणजे ४० मिलिमोल हायड्रोजन. लागणार ३०. सगळं झालं तर थंड झाल्यावर काटा ५ वर यायला हवा. आला.

पण मधे जे झालं ते हिशेबात धरलं नव्हतं. ९० अंशांच्या पुढे हीटर बंद होऊनही तापमानाचा काटा चढत गेला आणि ११८ ला थांबला. नायट्रोचं अमाइन होताना मोलमागे ५०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते. आमच्या १० मिलिमोलची ५ किलोज्यूल. चाळीस ग्रॅम इथेनॉलला तेवढी पन्नास अंश वर न्यायला पुरे, भांड्याच्या पोलादाने बरीच शोषली म्हणून वाचलो. कारखान्यात नायट्रो सगळं एकदम का भरत नाहीत ते कळलं. उद्यापासून निम्मं प्रमाण आणि हळू तापवणं.

७ जुलै

पाऊस धो धो. बोरोहायड्राइडच्या बाटलीत ढेकळं झालीत, दमट हवेने. नवी बाटली डेसिकेटरमध्ये (हवाबंद कोरड्या भांड्यात).

ज्युनिअर हातमोजे न घालता फ्लास्क धूत होता. बसवून सांगितलं: ॲनिलिन आणि क्लोरोॲनिलिन कातडीतूनही आत जातात आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतात, ओठ निळे पडतात. "ताई, आधी सांगायचं ना." आधी सांगितलं होतं.

१९ जुलै

जीसीची (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) पाळी मिळाली. तिन्हींचे आकडे:

निकेल: दोन तासांत सगळं संपलं, त्यात ॲनिलिन ८ टक्के. चार तास ठेवलं तर ॲनिलिन २१ टक्के.
निकेल-तांबं: दोन तासांत ९७ टक्के, ॲनिलिन ३. चार तासांत ॲनिलिन ७.
निकेल-लोह: दोन तासांत फक्त ७१ टक्के. चार तासांत ९९, ॲनिलिन एक टक्क्याच्या आत.

इथे ॲनिलिन म्हणजे बिघाड: क्लोरीन तुटून गेलेलं क्लोरोॲनिलिन. जीसीची वाट न बघता हे ओळखायची आमची गावठी युक्ती म्हणजे थोडं द्रावण पाण्याने हलवून त्यात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. सुटा क्लोराइड असेल तर पांढरं दह्यासारखं गढूळ. निकेलचं ताक झालं, लोहाचं जवळजवळ नितळ.

तुलना सारखा वेळ देऊन करायची नाही, हे यावेळी आधीच ठरवलं होतं. नायट्रो शिल्लक आहे तोवर तो निकेलला घट्ट धरून असतो, क्लोरीनला जागाच मिळत नाही. नायट्रो संपला की निकेल रिकामं, आणि मग क्लोरीनच्या मागे लागतं. म्हणून संथ उत्प्रेरक नेहमी सज्जन दिसतो. तिघांनाही ९७ ते ९९ टक्क्यांवर पकडून पाहिलं: निकेल ५, तांबं ३, लोह एकच्या आत. तरीही क्रम तोच. हा फरक कूलरचा नाही.

लोह हे का करतं? लोहाला ऑक्सिजनची ओढ. नायट्रोचे दोन ऑक्सिजन ते पकडून धरतं, रेणू नायट्रोच्या बाजूने उभा राहतो, कडं आणि क्लोरीन वर. हायड्रोजन फोडायचं काम शेजारचं निकेल करतं. दोघांत कामाची वाटणी. तांब्यात ही ओढ तितकी नाही, तिथे बहुधा निकेलच्या सलग जागा तुटतात म्हणून क्लोरीनचा हल्ला मंदावतो. हे माझं मत, पुरावा अजून नाही.

१२ ऑगस्ट

एक्सआरडी (क्ष-किरण कोणत्या कोनाला परततात त्यावरून स्फटिकाची जाळी ओळखायची तपासणी) आला, तीन आठवडे थांबून. नुसत्या निकेलची मुख्य रेषा ४४.५ अंशांना यायला हवी, तांब्याची ४३.३ ला. पण ॲल्युमिनाचा रुंद डोंगर नेमका ४६ जवळ, त्यामुळे तिथे बघून फसायला होतं. दुसरी रेषा मोकळ्या जागेत आहे: निकेल ५१.८, तांबं ५०.४. आमच्या निकेल-तांब्याची ५१.५ वर, एकच रेषा. तीनास एक मिश्रधातूचा जाळीचा आकार काढून पाहिला तर बरोबर तिथेच येतो. म्हणजे दोघं शेजारी नाहीत, एकमेकांत मुरलेत. रेषेची रुंदी ०.८ अंश, त्यावरून कण ११ नॅनोमीटरच्या आसपास.

निकेल-लोहाचीही रेषा डावीकडे सरकलीय, सुट्या लोहाची खूण नाही. पण थोडं ऑक्साइड होऊन अस्ताव्यस्त पसरलं असेल तर ते एक्सआरडीला दिसणारच नाही, म्हणून इथे जोरात बोलायला नको.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज मारबत, म्हणजे ईडा-पिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. इतवारीकडे जाणारे रस्ते बंद, निम्मी लॅब काळी-पिवळी मारबत आणि बडगे बघायला गेली. मी आणि ज्युनिअर गळती, म्हणजे उत्प्रेरकातला धातू द्रावणात उतरतो का, ते तपासत बसलो. तो म्हणाला, "ताई, निकेलची गळती घेऊन जा गे मारबत!"

चाळीस टक्क्यांवर थांबवून उत्प्रेरक गाळून काढला आणि गाळलेलं द्रावण पुन्हा हायड्रोजनखाली दोन तास ठेवलं. पुढे सरकलं नाही. म्हणजे काम घन कणांवरच होतंय, विरघळलेल्या धातूवर नाही. तरी डायमिथिलग्लायॉक्सिमचे थेंब टाकून पाहिले: निकेल असेल तर गुलाबी-लाल साका. निकेल-तांब्याच्या पहिल्या फेरीत (तोच उत्प्रेरक गाळून पुन्हा पुन्हा वापरतो) पुसटसा गुलाबी, दुसरीपासून नाही. नुसत्या निकेलमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत गुलाबी. क्लोरीन तुटतं तेव्हा आम्ल सुटतं आणि ते निकेलला खातं, असा अंदाज. ज्याने क्लोरीन कमी तोडलं त्याची गळतीही कमी, हे त्याला धरून आहे.

३ सप्टेंबर

लोहाचं दुखणं सापडलं. पहिल्या दोन फेऱ्या छान, तिसऱ्या फेरीत चार तासांत ६० टक्केच. नमुन्याच्या कडेला तांबूस छटा. आम्ही उघड्यावर गाळतो, आणि या हवेत ओला लोहयुक्त कण गंजणारच. पुन्हा ४५० ला हायड्रोजन दिला तर वेग परत आला, म्हणजे मेला नव्हता, नुसता गंजला होता. पण दर तिसऱ्या फेरीला भट्टी पेटवायची तर तो कसला सोयीचा.

सरांचं म्हणणं, लोह कमी करून पाहा, पाचास एक किंवा नवास एक. क्लोरीन वाचवायला किती लोह पुरतं हाच आता प्रश्न. माझं म्हणणं, आधी गाळण्याची पद्धत बदलू. नाहीतर पुन्हा तेच होईल, लोहाची परीक्षा घेतोय असं वाटेल आणि मोजत असू नागपूरची हवा.

उद्या आठला निकेल-लोहाचा ताजा घाणा, चारही फेऱ्या नायट्रोजन भरलेल्या पिशवीत हात घालून गाळायच्या. काकांना मोठी प्लास्टिकची पिशवी आणि दोन रुंद रबरबँड आणायला सांगितलंय.